बाकीची दोन पिंपं

“बोटं तीन शेतस रे! बाई तीन दखाडस आन तू एक सांगस?”

आबा ओरडत होते. पहिल्या रांगेत उभं राहून, काठीचं टोक थेट माझ्या छातीवर रोखून. मंडपात त्या वेळी दहा हजार माणूस होता. मोजायला बसलो असतो तर अडीचशेच्या आसपास भरला असता, पण काठी आपल्यावर रोखलेली असली की माणसं दहा हजारच असतात. त्या सगळ्यांनी आधी काठीकडे पाहिलं, मग स्टेजवरच्या बाईच्या हवेत थांबलेल्या तीन बोटांकडे, आणि मग सावकाश, बियाणं पारखावं तशी नजर लावून, माझ्याकडे. माईक माझ्या हातात होता. मी आवंढा गिळला तो आवाज कर्ण्यातून पार भुसावळच्या यार्डात गेला असावा, कारण तिकडून एका इंजिनाने उत्तर दिलं.

बाई आयर्लंडची. मराठीतलं एक अक्षर तिला कळत नव्हतं. पण काहीतरी बिनसलंय आणि बिनसवणारा आपल्या शेजारीच उभा आहे, एवढं तिला कळलं. तिने बोटं खाली घेतली नाहीत. तशीच वर ठेवून मान वळवली आणि मला इंग्रजीत विचारलं, हे आजोबा काय म्हणतायत?

मी म्हणालो, तुमची तारीफ करतायत.

हे प्रकरण नंतर गावोगाव निदान सहा तऱ्हांनी सांगितलं गेलं, आणि दुःख असं की त्यातली एकही तऱ्हा माझी नव्हती. म्हणून आता मीच सांगतो.

मी मास्तर. शिंदखेड्याच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली आणि निवृत्त होऊन जळगावात घर केलं. मूळ गाव धरणगावकडचं, कापसाच्या पट्ट्यातलं. तिन्ही ठिकाणी माझी ख्याती एकच. शिंदखेड्यात उन्हाळ्यात इतकं तापायचं की फळ्यावर लिहिलेली खडूची अक्षरं सुटून खाली पडायची आणि मी ती झाडूने गोळा करून पुढच्या वर्गाच्या फळ्यावर चिकटवायचो, हे मी तिथल्या दोन पिढ्यांना सांगितलेलं आहे. भुसावळला एकदा इतकी लांब मालगाडी पाहिली की तिचं इंजिन मनमाडला पोचून पाणी पिऊन निघालं तरी गार्डाचा डबा भुसावळच्याच सिग्नलला उभा होता, हेही. लोक ऐकतात, हसतात, घरी जाऊन बायकोला सांगतात. पण ‘खरं का हो?’ असं आजवर एकानेही विचारलेलं नाही. विचारण्याइतकासुद्धा विश्वास कुणाचा नाही.

अशात जळगावात कथामहोत्सव भरायचं ठरलं. तीन दिवस, मोठा मंडप, देशोदेशीचे गोष्टी सांगणारे. भरवणारे एक शेठ, कापडवाले. घराणं मूळ राजस्थानातलं, पण इथे इतक्या पिढ्या झाल्या की भरताचं वांगं नुसतं दाबून ते कुठल्या गावच्या मातीतलं ते सांगतात. माणूस उदार, पण संशय हा त्यांचा श्वास. कोणाशी हात मिळवला तरी दुसऱ्या हाताने त्याची बाही चिमटीत चोळून बघतात, धुतल्यावर आटेल का म्हणून. माझी बाही त्यांनी इतक्या वेळा चोळली आहे की तिथे कापड विरलं आहे.

शेठची एक अट होती. गोष्ट जुन्या रीतीने व्हायची, म्हणजे हुंकाऱ्यासकट.

आमच्याकडे गोष्ट सांगणारा एकटा बसत नाही. समोर एक जण हुंकाऱ्याला लागतो. सांगणाऱ्याने वाक्य टाकायचं, समोरच्याने ‘हूं’ म्हणायचं, मग पुढचं वाक्य. हूं आलं नाही तर गोष्ट तिथेच उभी. राजा जंगलात असेल तर जंगलात, राणी न्हाणीत असेल तर न्हाणीत. आणि हूं म्हणणं ही साधी गोष्ट नव्हे. जो हूं म्हणतो तो त्या गोष्टीच्या खऱ्याखोट्यात निम्मा वाटेकरी होतो, असं जुनी माणसं मानतात. आमच्या गावात एकाने कुणाच्या तरी थापेला हुंकारा दिला, तर सकाळी त्याच्या म्हशीने त्याला ओळखच दाखवली नाही. ही हकिगत मीच पसरवली होती, पण आता लोक ती उलट मला सांगतात, आणि मलाही ती खरी वाटू लागली आहे.

तर अट अशी, की प्रत्येक सांगणाऱ्याने हुंकाऱ्याला आपला माणूस आणायचा. माणूस नसेल तर वेळ दुसऱ्याला.

मला दुसऱ्या दिवशी दुपारी चारची वेळ मिळाली होती. ओट्यावर, पारावर, एसटी स्टँडवर, शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगत सांगत केस पिकले; माईक, मंडप आणि समोर मुद्दाम ऐकायला आलेली माणसं हे माझ्या वाट्याला पहिल्यांदाच येत होतं. नातेवाइकांना फोन झाले, कोट इस्त्रीला गेला. आणि हुंकाऱ्याला बसायला तीन तालुक्यांत एक माणूस तयार होईना. माझ्या सख्ख्या साडूने सांगितलं, “दाजी, जेवायला बोलवा, लग्नाला बोलवा. याला नको.” शिंदखेड्याचे जुने सहकारी, ज्यांनी माझ्या खडूच्या अक्षरांवर निवृत्तीपर्यंत करमणूक करून घेतली, ते सगळे एकदम त्याच दिवशी आजारी पडणार होते.

उरले आबा. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, गावाकडे शेती, आणि हुंकारा देण्यात पंचक्रोशीतलं नाव. त्यांचा हूं म्हणजे शिक्का. सांगणारे लांबून लांबून येऊन त्यांना घेऊन जात. अडचण एकच होती. माझ्या कुठल्याही बोलण्याला त्यांनी आजवर हूं दिलेला नव्हता. लहानपणी विहिरीत साप पाहिला म्हणून मी बोंबलत आलो तेव्हाही नाही, आणि तो साप खरा होता.

मी गावी गेलो तेव्हा आबा कापसाच्या ढिगाला पाठ टेकून बसले होते. मी पाया पडलो. ते म्हणाले, “कसाले उना?” म्हणजे कशाला आलास. पाया पडल्यावर हा प्रश्न आला की समजावं, आपला हेतू आपल्या आधी पोचलेला आहे.

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, नाही म्हणाले, मग थोडा वेळ कापसातली काडी दातांत धरून विचार केला. महोत्सवाच्या पहिल्या दिवशी त्या आयर्लंडच्या बाईचा कार्यक्रम होता. ती तिकडच्या पुराणातल्या गोष्टी उभ्याने करून दाखवायची. भाषांतराला मी, आणि ती परदेशी पाहुणी, स्वतःचा माणूस कुठून आणणार, म्हणून तिच्यासमोर हुंकाऱ्याला शेठनी आबांनाच बोलावलं होतं. आबा म्हणाले, मग तीच परीक्षा. गोष्ट बाईची, तोंड तुझं. पदरचं एक अक्षर न घालता ती सांगितलीस तर दुसऱ्या दिवशी मी तुझ्यासमोर बसेन. “मीठ बी टाकानं नही,” त्यांनी बजावलं.

मी शपथ घेतली. घेताना आबांनी माझे दोन्ही हात समोर धरायला लावले, मागे बोटांची फुली करतो की काय म्हणून.

बाई आली. साठीच्या आसपासची, उंच, तांबूस गालांची, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले. तिने टेबल मागितलं नाही, पडदा नाही, दिवे नाहीत, खुर्चीसुद्धा नाही. शेठ एवढ्यानेच अस्वस्थ झाले. मला कोपऱ्यात घेऊन त्यांनी विचारलं, “मास्तर, ही विकते काय?”

“काही नाही शेठ. गोष्टी सांगते.”

“ते झालं. सांगून झाल्यावर काय विकते?”

मंडपाच्या तोंडाशी चपलांचा ढीग बघून बाईने आपणहून बूट-मोजे काढले आणि अनवाणी आत आली. तिचे ते उघडे पाय आबांनी सगळ्यांत आधी पाहिले. बोटं पुढेच होती. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. उन्हात उभं करून सावलीही पाहून घेतली. सावली चांगली लांब पडली. मग त्यांनी मला विचारायला लावलं, तुझा देश इंग्लंडातच येतो ना. मी विचारलं. बाईचे गाल तांबूसचे लालभडक झाले आणि ती बराच वेळ बोलली, बोट नाचवत, मध्ये दोनदा श्वास घेऊन. मी आबांना सांगितलं, नाही म्हणते.

“इतली बोलनी आन इतलंच?” आबा म्हणाले. तिथूनच त्यांची नजर माझ्यावर बसली ती बसली.

गोष्ट सुरू झाली. बाई स्टेजच्या मधोमध उभी राहिली, डोकं हातावर टेकलं, आणि देवाशपथ सांगतो, उभ्या उभ्या झोपली. मला पलंग दिसला, उशी दिसली. एक राजा आणि एक राणी, अंथरुणात पडल्या पडल्या भांडतायत, तुझं जास्त की माझं जास्त. राजाचा आवाज ती पोटातून काढायची, राणीचा नाकातून. हंडे, कढया, दागिने, मेंढरं, घोडे, सगळं बाहेर काढून समोरासमोर लावतात. सगळं बरोबरीत निघतं. फक्त राजाकडे पांढऱ्या शिंगांचा एक वळू जास्त. राणीला ते सोसत नाही. दूरच्या मुलखात तसाच एक तपकिरी वळू आहे असं तिला कळतं, आणि तो आणायला ती फौज घेऊन निघते.

मी शब्दाला शब्द सांगत होतो. आबांचे हूं असे येत होते, की जणू मोटेचं पाणी थारोळ्यात पडतंय. मागे बायका पदराआड हसत होत्या. रात्रीचं ते भांडण त्यांना भाषांतराआधीच समजलं होतं. एका वळूवरून लढाई, यातही कोणाला काही अवघड वाटलं नाही. आमच्याकडे बांधावरच्या एका लिंबापायी सख्खे भाऊ कोर्टात नातवंडं होईपर्यंत लढले आहेत.

मग बाईने वळूचं वर्णन केलं. त्याच्या पाठीवर रोज संध्याकाळी पन्नास पोरं खेळायची.

मी सांगितलं, पन्नास पोरं.

आबांचा हूं आला, पण पिळलेल्या चिपाडातून रस यावा तसा. त्यांनी बाईकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. मंडपातही एक हलकीशी कुजबुज झाली, जिचा अर्थ मी जन्मभर ओळखतो. अर्थ असा की, झालं, मास्तर सुरू झाला.

माझ्यावर काय संकट कोसळलं ते बघा. खानदेशातला पहिला थापाड्या मी स्वतःला समजत होतो, आणि ही बाई अनवाणी येऊन चार वाक्यांत मला दोन गावं मागे टाकून गेली होती. शब्द तिचे, पण येत होते माझ्या तोंडून. तिचं प्रत्येक खरं भाषांतर माझ्या खात्यावर थाप म्हणून जमा होत होतं. आयुष्यात एकदा मी प्रामाणिकपणाला बसलो, आणि नेमका तोच कोणाला पटेना. समोर आबा, आबांच्या मागे उद्याचे दुपारचे चार, आणि मध्ये पन्नास पोरं.

बाई पुढे म्हणाली, त्या वळूच्या सावलीत शंभर शिपाई उन्हाचे बसायचे.

मी म्हणालो, “सावलीला दोन-चार माणसं बसतील एवढा होता.”

“हूं,” आबा म्हणाले. भरघोस. थारोळं पुन्हा वाहू लागलं.

आणि मला चव लागली. आजवर मी वाढवत आलो. कमी करण्यातही तेवढीच मजा आहे हे मला ठाऊकच नव्हतं. आबांनी मीठ टाकू नको म्हटलं होतं, काढू नको असं कुठे म्हटलं होतं? पोरांची पन्नास ही संख्या मी पुढच्या वाक्यात हळूच ‘तशी पाच-सहाच असत’ अशी सुधारून घेतली. आबांच्या भुवया खाली आल्या. पन्नास काही बोटांवर दाखवता येत नाहीत, त्यामुळे बाईच्या बाजूनेही धोका नव्हता.

राणीची फौज नदीच्या उतारावर येते, आणि तिला अडवायला समोर एकटा एक पोरगा उभा असतो. त्याच्या प्रत्येक डोळ्यात सात सात बाहुल्या. मी म्हणालो, पोराच्या डोळ्यात तेज होतं. हूं. मग त्या पोराला राग येतो. इथे बाईने जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिने अंग पिळलं, टाचा पुढे आणि गुडघे मागे गेल्यासारखे केले, एक डोळा आत ओढून घेतला, दुसरा गालावर लोंबतोय असं दाखवलं, तोंड इतकं उघडलं की आतून तिचं काळीज दिसतंय असं पहिल्या रांगेला वाटलं, आणि केसांच्या टोकांवर ठिणग्या उडतायत असे हात नाचवले. घाम गाळत, धापा टाकत, एखादी एसटी चाळीसगावचा घाट चढेल एवढा वेळ हे चाललं. मग ती थांबली आणि माझ्याकडे वळली.

मी सांगितलं, “पोराला राग आला.”

आबांचा हूं आला नाही लगेच. त्यांनी धापा टाकणाऱ्या बाईकडे पाहिलं, मग माझ्या कोरड्या कपाळाकडे. शेवटी एक हूं सोडला, पण तो बिनपावतीचा होता. शेठ बाजूला उभे होते, त्यांनी आपल्याच उपरण्याचं टोक चिमटीत धरून चोळायला घेतलं.

मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण बाई पुढे सरकली होती. पोराचा राग शांत करायला गावकरी त्याला थंड पाण्यात बुडवतात. तिने एक बोट वर केलं, दुसरं केलं, तिसरं केलं. तिन्ही बोटं लोकांना नीट दाखवली, डावीकडे, उजवीकडे, मध्ये. हातांचा भला मोठा घेर करून पिंप दाखवलं. आणि माझं तोंड, ज्याला आता कमी करण्याची सवय लागली होती, माझ्या आधी बोलून गेलं.

“मग त्याला थंड करायला एक बादली पाणी आणलं.”

तिथे आबा उठले. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

“तारीफ करताना तुमच्याकडे काठी रोखतात?” बाईने मला विचारलं.

मी म्हणालो, ही इथली पद्धत आहे.

तिने माझ्यावरची नजर काढून शेठकडे वळवली. शेठचं इंग्रजी दुकानापुरतं, पण आकडे त्यात चोख. ते दोन पावलं पुढे आले आणि तिला म्हणाले, तुम्ही तीन, हा माणूस एक. तुम्ही मोठं, हा माणूस बादली. एवढ्या चार तुकड्यांत त्यांनी माझं भाषांतरकाराचं आयुष्य संपवलं.

बाईने तीन बोटांपैकी दोन मिटली. उरलेलं एक माझ्यासमोर धरलं आणि हळू आवाजात विचारलं, “माझी बाकीची दोन पिंपं कुठे आहेत?”

आबा खाली बसले होते. काठी गुडघ्यांच्या मध्ये, ओठ घट्ट. हुंकारा बंद. मी बाईला सांगितलं की आता पुढे जाता येणार नाही. का, म्हणाली. मग सगळं सांगावं लागलं, हूं काय, निम्मा वाटेकरी काय, आणि हे सांगताना शेठ शेजारीच उभे असल्यामुळे मला प्रत्येक शब्द खरा सांगावा लागला. तो पोरगा तिकडे नदीकाठी रागाने तापून उभाच. बाईने ऐकून घेतलं आणि विचारलं, आणखी काय काय काढलंस? मी म्हणालो, काही पोरं. किती? बरीचशी. आणि शिपाई? मी म्हणालो, दोन-चार ठेवलेत. आणि डोळा, ती म्हणाली. गालावरचा डोळा तरी सांगितलास ना?

मी माईकची वायर नीट करायला वाकलो.

तिने चेहरा दोन्ही हातांनी झाकला. खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही, आणि न सांगता येण्यासारखं माझ्याकडे फार थोडं असतं.

मग ती स्टेजवरून खाली उतरली. थेट आबांच्या समोर जाऊन सतरंजीवर मांडी घालून बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि मला म्हणाली, तू तिथूनच बोल. गोष्ट तिने पुन्हा वळूपासून धरली.

आता काय व्हायचं, तर ती एक वाक्य बोलायची, मी ते मराठीत सांगायचो. आबा माझ्याकडे बघायचे नाहीत. ते बाईच्या चेहऱ्याकडे बघायचे. ती मान डोलवायची. मग हूं. शिरपूरच्या पुढे नाक्यावर परमुलखातले ट्रक थांबवून ताडपत्री उचलून बघतात ना, तसं माझं एकेक वाक्य थांबवलं जात होतं, उचलून बघितलं जात होतं आणि मग सोडलं जात होतं. पन्नास पोरं आली. आबांनी तिच्याकडे पाहिलं, तिने मान डोलवली, हूं. शंभर शिपाई सावलीत बसले. हूं. सात बाहुल्या, आणि दुसऱ्या डोळ्यातही सात. हूं. डोळा गालावर लोंबला, मागे कोणीतरी “अगं माय” म्हणालं, आणि आबांनी हूं म्हणून तोही पदरात घेतला. मी एका वाक्यात चुकून ‘मोठा’ ऐवजी ‘फार मोठा’ म्हणालो, तर बाईला मराठी न कळताही तिची मान अर्ध्यात थांबली. माझ्या चेहऱ्यावरून तिने ओळखलं असणार. मी ‘फार’ मागे घेतला.

पिंपं आली. पहिल्यात पोराला बुडवला तर पिंप पट्ट्यांसकट फुटलं. दुसऱ्यात बुडवला तर पाणी उकळलं, मुठीएवढे बुडबुडे आले. तिसऱ्यात बुडवला तेव्हा कुठे पाणी अंघोळीला लागतं तेवढं कोमट झालं आणि पोरगा थंडावला. तिन्हींना आबांनी वेगवेगळे हूं दिले, आणि तिसरा हूं असा होता की मंडपाच्या कनाती आत आल्या. शेवटी दोन वळू एकमेकांना भिडतात आणि राजा-राणीच्या हाती काहीच राहत नाही, तिथवर गोष्ट गेली. लोक उठून उभे राहिले. टाळ्या वाजल्या त्या तापी ओलांडून पलीकडे गेल्या. बाईने आबांचे हात धरले, आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. माईकसुद्धा एकाने मागून येऊन काढून घेतला.

मंडपाच्या मागे चहा होता. आबा बाकावर बसून बशीत चहा ओतत होते. मी समोर उभा. शेठ आले आणि म्हणाले, उद्या चारला मास्तरांच्या हुंकाऱ्याला कोणी आहे की भजनी मंडळाला कळवू, त्यांना आता सांगितलं तर पेटी-तबला घेऊन येतील. असं म्हणून ते तिथेच थांबले.

मी आबांना खूप समजावलं. म्हणालो, तुम्ही मीठ टाकू नको म्हणालात, मी एक कणही टाकला नाही, उलट काढलं. म्हणालो, कमी करून सांगितलं ते तुम्हाला पटावं म्हणूनच. म्हणालो, तुम्ही पन्नास पोरं त्या वळूवर बसवून घेतलीत, गालावरचा डोळा गिळलात, मग माझी मालगाडी तुमच्या घशात का अडकते? आबांनी चहा फुंकला.

“ती सांगस तवय तिले दिसस,” ते म्हणाले. “तू सांगस तवय मन्हा तोंडकडे देखत ऱ्हास. फसना का नही फसना.”

मी सांगताना समोरच्याचं तोंड बघत राहतो, फसला की नाही म्हणून, ह्या आरोपाला माझ्याकडे उत्तर होतं, पण लांब होतं. ते मी दिलं. निम्मा वाटा म्हणाल तर तोही मी घेतो म्हणालो, पूर्ण पाप माझ्या नावावर लावा, तुम्ही फक्त बसा. नातेवाईक येणार आहेत, कोट इस्त्रीला आहे. पुन्हा आयुष्यात कुठला मंडप माझ्यासाठी उभा राहणार? एवढं बोलून मी खरोखरच थांबलो, कारण पुढे सांगायला काही नव्हतं. बाई पलीकडे चहाचा कप हातात धरून आमच्याकडे बघत होती. तिला कळलं असावं की तिच्याविषयी नाही, माझ्याविषयी चाललंय. तिने मला मान डोलवून दाखवली, जशी मघा आबांना दाखवत होती.

शेठनी घड्याळ पाहिलं. मी विचारलं, “आबा, मग उद्या काय करू?”

आबांनी बशी रिकामी केली, उपडी ठेवली.

“त्या बाईले बसाड,” ते म्हणाले. “तिले मराठी येत नही.”